सेवा कोणी कोणाची करायची?

‘सेवा’ हा शब्द सर्वांच्याच कानाला गोड लागतो असे नाही. ज्यांनी सेवा स्वखुशीने निवडली त्यांना तो गोड लागतो. ज्यांच्या वाट्याला ती जन्माबरोबर आली त्यांना तो खुपतो. गावकीची कामे करणाऱ्या महाराने, मेलेली गुरे ओढणाऱ्या हातांनी, डोक्यावरून मैला वाहणाऱ्या स्त्रीने पिढ्यान्‌पिढ्या जे केले त्यालाही सेवाच म्हणत. त्या सेवेला कोणी कधी नेतृत्व म्हटले नाही. आज मात्र व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांतून, अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षण-शिबिरांतून आणि धर्मसंस्थांच्या व्यासपीठांवरून ‘सेवक-नेतृत्व’ ही कल्पना मोठ्या कौतुकाने मांडली जाते. खरा नेता तोच, जो आधी सेवक असतो. कामाच्या जागी वरिष्ठाने करुणेने वागावे. आणि ही करुणा त्याने आपल्या श्रद्धेतून घ्यावी, असे तिचे थोडक्यात म्हणणे आहे.

ही कल्पना हसण्यावारी नेण्यासारखी नाही, आणि जशीच्या तशी स्वीकारण्यासारखीही नाही. आपल्यापैकी अनेक जण आता मुख्याध्यापक आहेत, शाखाधिकारी आहेत, संघटनांचे पदाधिकारी आहेत. ज्यांच्या आजोबांवर इतरांचा हुकूम चालत होता ते आज इतरांना कामे सांगतात. तेव्हा अधिकार कसा वापरावा हा प्रश्न आता आपलाही झाला आहे. म्हणून ह्या कल्पनेचा उगम कोठे आहे, तिने प्रत्यक्षात काय साधले, कोठे ती थांबली, आणि आपल्या परंपरेत तिला कोणते उत्तर आहे, हे नीट तपासणे अगत्याचे आहे.

१. कल्पनेचा उगम

‘सेवक-नेतृत्व’ हा शब्दप्रयोग रूढ केला तो रॉबर्ट ग्रीनलीफ ह्या अमेरिकन गृहस्थाने. १९०४ मध्ये जन्मलेला हा मनुष्य १९२६ पासून १९६४ पर्यंत ‘अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ’ ह्या प्रचंड कंपनीत नोकरीस होता. माणसे कशी निवडावीत, त्यांना कसे घडवावे, ह्याचा अभ्यास हेच त्याचे तेथले काम होते. निवृत्तीनंतर १९७० मध्ये त्याने एक निबंध लिहिला आणि त्यात ही कल्पना मांडली. ती त्याला सुचली हेर्मान हेसे ह्या जर्मन लेखकाच्या १९३२ मधील एका कथेवरून. त्या कथेत यात्रेला निघालेल्या एका मंडळीबरोबर लिओ नावाचा नोकर असतो. तो सर्वांची हलकी कामे करतो, गाणी गातो, मंडळीला धीर देतो. एके दिवशी तो नाहीसा होतो आणि यात्रा मोडते. पुढे निवेदकाला कळते की, ज्या पंथाने ती यात्रा काढली होती त्याचा प्रमुख हा लिओच होता.

ग्रीनलीफने ह्यातून असा अर्थ काढला की, जो मुळात सेवक आहे आणि मग नेता होतो तोच विश्वासास पात्र. त्याने त्याची एक कसोटीही दिली. ज्यांची सेवा होते ती माणसे त्या सेवेमुळे वाढतात काय? ती अधिक निरोगी, अधिक शहाणी, अधिक स्वतंत्र होतात काय? आणि समाजात जो सर्वांत वंचित आहे त्याच्यावर ह्याचा परिणाम काय होतो. त्याचे काही भले होते, निदान त्याचे आणखी काही हिरावले जात नाही ना? ही शेवटची ओळ महत्त्वाची आहे. आजच्या प्रशिक्षण-शिबिरांत लिओची गोष्ट नेहमी सांगितली जाते, परंतु सर्वांत वंचिताविषयीचा हा प्रश्न बहुधा गाळला जातो. मग शिल्लक राहते ती केवळ वरिष्ठाची गोड वागणूक.

ग्रीनलीफच्या विचारामागे ख्रिस्ती परंपरा आहे हे उघड आहे. गुरूने शिष्यांचे पाय धुतल्याची येशूची कथा सर्वश्रुत आहे, आणि त्या काळी पाय धुणे हे गुलामाचे काम होते हे लक्षात घेतले म्हणजे तिचा अर्थ अधिक खोल जातो. परंतु ग्रीनलीफ स्वतः क्वेकर होता. क्वेकर हा १७ व्या शतकात इंग्लंडमध्ये निघालेला पंथ. प्रत्येक माणसाच्या अंतरात ईश्वरी प्रकाश असतो, म्हणून पुरोहिताची गरज नाही, आणि कोणापुढे टोपी काढून वाकण्याचेही कारण नाही, अशी त्यांची शिकवण. ग्रीनलीफने आपल्या निबंधात ज्या क्वेकराचे उदाहरण दिले आहे त्याची हकीकत आपण पाहू. ती कामाच्या जागीच सुरू होते.

२. दुकानातला कारकून

जॉन वूलमन १७२० मध्ये न्यू जर्सीत जन्मला. विशीत असताना तो माउंट हॉली ह्या गावी एका दुकानात कारकून होता. मालकाने एके दिवशी आपल्याकडील एक निग्रो गुलाम स्त्री विकली आणि वूलमनला विक्रीखत लिहावयास सांगितले. विकत घेणारा वृद्ध क्वेकरच होता. वूलमन अस्वस्थ झाला, परंतु मालकाची आज्ञा म्हणून त्याने ते खत लिहून दिले. लिहिताना मात्र त्याने दोघांच्याही तोंडावर सांगितले की, गुलाम बाळगणे हे ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे असे मी मानतो. पुढे काही काळाने दुसऱ्या एकाने असेच खत लिहावयास सांगितले तेव्हा त्याने नकार दिला. त्या काळी मृत्युपत्रे लिहून देणे हा त्याच्या उत्पन्नाचा एक भाग होता. गुलाम वारसांना देण्याचे कलम असलेले मृत्युपत्र तो लिहीत नसे. तो भांडला नाही. लेखणी खाली ठेवली, कारण सांगितले, आणि गिऱ्हाईक गमावले.

पुढील अनेक वर्षे तो घरोघर फिरला. गुलाम बाळगणाऱ्या क्वेकरांकडेच तो उतरत असे, आणि ज्या गुलामांनी त्याची उठबस केली त्यांच्या श्रमाचे पैसे देऊन निघत असे. यजमानाला ते लाजिरवाणे वाटे. वाटावे हाच त्याचा हेतू होता. १७५४ मध्ये त्याने गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका छापली. १७५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्या सभासदांना पंथाच्या कारभारातून दूर ठेवण्याचे ठरविले. १७७२ मध्ये वूलमन इंग्लंडात देवीच्या रोगाने वारला. त्यानंतर चार वर्षांनी, १७७६ मध्ये, त्या सभेने सभासदांना गुलाम बाळगण्यासच मनाई केली. अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपली ती १८६५ मध्ये.

ह्या हकीकतीत दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. एक, वूलमनने करुणेची किंमत स्वतःच्या खिशातून दिली. दुसरी, तो व्यक्तीच्या हृदयपरिवर्तनावर थांबला नाही. घरोघरच्या संभाषणांचा शेवट संस्थेच्या ठरावात झाला. दयाळू मालक आज गुलामाला सोडील आणि त्याचा मुलगा उद्या दुसरा विकत घेईल. ठराव झाला म्हणजे मुलाच्या मर्जीचा प्रश्न उरत नाही. करुणेचे नियमात रूपांतर झाले, हे वूलमनच्या कार्याचे खरे मोल होय.

३. वेगळा बाक

परंतु गोष्ट येथे संपत नाही. गुलाम मुक्त झाले. त्यांना प्रार्थनागृहात जागा मिळाली काय? फिलाडेल्फियातील कृष्णवर्णीय शिक्षिका सॅरा मॅप्स डग्लस १८०६ मध्ये जन्मल्या. त्या आपल्या आईबरोबर क्वेकरांच्या प्रार्थनासभेस जात. १८३७ च्या एका पत्रात त्यांनी लिहून ठेवले आहे की, तेथे काळ्या माणसांसाठी बाक वेगळा होता आणि हा बाक काळ्यांचा आहे असे बजावले जाताना त्यांनी लहानपणापासून ऐकले होते. गुलामगिरीला पाप मानणाऱ्या, काळ्या मुलांसाठी शाळा चालविणाऱ्या, अंतरातील प्रकाश सर्वांत समान आहे असे सांगणाऱ्या समाजात हा बाक होता.

आपल्या वाचकाला हा बाक ओळखीचा वाटेल. शाळेच्या ओसरीवर, वर्गाच्या दाराशी, कचेरीतल्या चहाच्या वेगळ्या कपात तो आपल्यालाही भेटला आहे. करुणेने माणसाच्या पायातील बेडी तोडली, पण शेजारी बसण्याचा अधिकार दिला नाही. सेवा करणारे वरच राहिले. ज्यांची सेवा झाली त्यांनी कृतज्ञ राहावे एवढीच अपेक्षा होती.

ज्या कंपनीत ग्रीनलीफने ३८ वर्षे काढली तिचीही हकीकत ह्याच धर्तीची आहे. १९७० मध्ये, म्हणजे त्याचा निबंध निघाला त्याच वर्षी, अमेरिकेच्या समान रोजगार संधी आयोगाने ह्या कंपनीविरुद्ध कारवाई सुरू केली. स्त्रियांना आणि अल्पसंख्याकांना कमी पगाराच्या ठराविक कामांतच अडकवून ठेवले जाते असा आरोप होता. जानेवारी १९७३ मध्ये कंपनीने तडजोडीचा करार केला, आणि त्यात थकलेल्या वेतनापोटी दीड कोटी डॉलर्स देण्याचे कबूल केले. ग्रीनलीफ तेव्हा निवृत्त झालेला होता. दोष त्याच्या माथी मारण्याचे कारण नाही. ध्यानात घ्यायचे ते एवढेच की, माणसे कशी वाढवावीत ह्याचा विचार ज्या कंपनीत अनेक वर्षे चालला, तेथेही टेलिफोनच्या खटक्यांपुढे बसणाऱ्या बायकांना न्याय मिळण्यास कायदा हातात असलेला आयोग लागला. सद्‌भावना आणि न्याय ह्यांतील अंतर सद्‌भावना वाढवून भरून निघत नाही.

४. लादलेली सेवा

आता आपल्याकडे वळू. आपल्याकडे सेवेचा धर्म सांगितला तो सेवकालाच. तिन्ही वर्णांची सेवा असूया न धरता करावी, हे एकच कर्म शूद्राला नेमून दिल्याचे मनुस्मृतीच्या पहिल्याच अध्यायात आहे. आठव्या अध्यायात तर असे म्हटले आहे की, धन्याने सोडले तरी शूद्र दास्यातून सुटत नाही, कारण दास्य त्याचा स्वभावच आहे. हा ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला गेला तो काही ग्रंथद्वेषापोटी नव्हे. ज्या धर्माने सेवा हा जन्माचा शिक्का केला, त्या धर्माला दिलेले ते उत्तर होते.

जातीचा तर्क ह्याहूनही विचित्र होता. अस्पृश्याला सेवा करायला लावली, आणि पुष्कळ ठिकाणी ती सेवा करण्याचीही बंदी केली. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. तेथील भाषणात बाबासाहेबांनी हे नेमके दाखवून दिले. रेल्वेत अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून आयुष्य काढतो. त्याला साधे पोर्टरही करीत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि अस्पृश्याचा हात त्या घरात चालत नाही. कापडगिरण्यांतही विणकामाचे खाते त्याला बंद होते, कारण तेथे तुटलेला धागा तोंडाने ओलावून सांधावा लागे. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्यांचे सुप्रसिद्ध प्रतिपादन ह्याच भाषणातले. पाश्चात्त्य व्यवस्थापनशास्त्राच्या सेवक-नेतृत्वाला ह्यांपैकी पहिल्या शत्रूची ओळखच नाही. एका बाजूस साहेब आणि दुसऱ्या बाजूस कर्मचारी, एवढेच ते पाहते. कर्मचाऱ्या-कर्मचाऱ्यांमधील उतरंड त्याला दिसत नाही.

सेवेच्या नावाने उभ्या राहिलेल्या संस्थेचेही एक उदाहरण आपल्या इतिहासात आहे. पुणे करारानंतर, १९३२ च्या सप्टेंबरअखेर, अस्पृश्यतानिवारणासाठी एक संघ स्थापन झाला; तोच पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखला गेला. बाबासाहेबांनी त्याच वर्षी नोव्हेंबरात संघाचे चिटणीस अमृतलाल ठक्कर ह्यांना बोटीवरून सविस्तर पत्र लिहिले. व्यक्तिव्यक्तीचे सद्‌गुण सुधारण्याचे कार्यक्रम घेण्यापेक्षा विहिरी, शाळा, नोकऱ्या येथील नागरी हक्कांसाठी मोहीम काढावी, असा त्यांचा आग्रह होता. तो मानला गेला नाही. पुढे संघाच्या कारभारात अस्पृश्यांना स्थान देण्याचा प्रश्न निघाला तेव्हा, हे सवर्णांचे प्रायश्चित्त आहे, म्हणून कारभार त्यांनीच पाहावा, असे समर्थन करण्यात आले. ज्यांची सेवा करायची त्यांनाच सेवेच्या रूपाविषयी बोलण्याचा अधिकार नाही, हा त्यामागचा विचार. हेतू कितीही शुद्ध मानला तरी ही रचना वेगळ्या बाकाचीच आहे.

५. उपाली आणि आजारी भिक्खू

श्रद्धेतून आलेली करुणा कामाच्या व्यवहारात कशी उतरते ह्याचे दुसरे रूप बौद्ध परंपरेत सापडते. विनयपिटकातील दोन प्रसंग येथे आठवण्यासारखे आहेत.

पहिला आजारी भिक्खूचा. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला बुद्धांना आढळला. कोणी त्याची शुश्रूषा करीत नव्हते. कारण विचारता असे कळले की, तो इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नसे, म्हणून तेही त्याच्याकडे पाहत नाहीत. आधुनिक कारखान्यातील हिशेब ह्याहून निराळा नसतो. जो उपयोगी नाही त्याची विचारपूस कशाला? बुद्धांनी आनंदाकडून पाणी आणविले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून बिछान्यावर ठेवले. प्रसंग येथेच संपला असता तर ती एका थोर माणसाच्या दयेची कथा ठरली असती. परंतु त्यानंतर बुद्धांनी संघ बोलावला आणि नियम केला. आजाऱ्याची शुश्रूषा उपाध्यायाने करावी, उपाध्याय नसेल तर आचार्याने, नसेल तर शिष्याने किंवा सहाध्यायाने. कोणीच नसेल तर संघाने. जो करणार नाही तो दोषी. ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी, अशा आशयाचे त्यांचे उद्गार ह्याच प्रसंगीचे आहेत. नेत्याची सेवा करण्याची जी ओढ अनुयायांत असते तिची दिशाच त्यांनी बदलून टाकली.

दुसरा प्रसंग उपालीचा. शाक्य कुळातील अनिरुद्ध, आनंद, देवदत्त इत्यादी तरुण प्रव्रज्या घ्यावयास निघाले. उपाली हा त्यांचा न्हावी, त्यांच्याबरोबर चाकरीला होता. बुद्धांसमोर येताच त्या तरुणांनी विनंती केली की, आम्ही शाक्य गर्विष्ठ आहोत. ह्याने आजवर आमची चाकरी केली, म्हणून आधी ह्याला दीक्षा द्यावी, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल. बुद्धांनी तसे केले. संघात ज्येष्ठता दीक्षेच्या काळावरून ठरे; कुळावरून नाही. म्हणून ते वंदन एका दिवसापुरते नव्हते, आयुष्यभराचे होते. आणि पुढे बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती भरली तेव्हा संघाची सगळी शिस्त, म्हणजे विनय, ज्याला विचारून निश्चित करण्यात आला तो हाच उपाली.

लिओच्या कथेत नोकर हा मुळातच प्रमुख होता. त्याने नोकराचे रूप घेतले होते. उपाली खरोखरचाच नोकर होता, आणि तो नियमाचा अधिकारी झाला. आपल्याला कोणती कथा जवळची वाटावी हे सांगायला नको.

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तर मालक आणि सेवक ह्यांच्या परस्पर कर्तव्यांची यादीच आहे. मालकाने सेवकाला त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात त्याची काळजी घ्यावी, गोडधोड त्याच्याबरोबर वाटून खावे आणि वेळोवेळी त्याला सुटी द्यावी. सेवकाचीही पाच कर्तव्ये त्यात आहेत. ही यादी आपल्या काळाच्या मर्यादेतली आहे हे मान्य केले पाहिजे. धन्याआधी उठावे आणि त्याच्यानंतर निजावे असेही तीत सेवकाला सांगितले आहे. तसेच धन्याने न सोडलेल्या दासाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम विनयात आहे. प्राचीन परंपरा आपली म्हणून तिच्यावर पांघरूण घालणे हे धम्माला धरून होणार नाही. तरीही कर्तव्य दोन्ही बाजूंचे असते, आणि मालकाचे आधी सांगितले जाते, हे मनूच्या जगात न सापडणारे पाऊल होते.

६. करुणा, मैत्री आणि कायदा

१९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ ह्या ग्रंथात बाबासाहेबांनी प्रज्ञा, शील आणि करुणा ह्यांना मध्यवर्ती स्थान दिले. परंतु नुसती करुणा पुरेशी नाही, तिच्या पुढे मैत्री हवी, असेही त्यांनी स्पष्ट केले. त्यांच्या लेखी करुणा माणसांपुरती आहे आणि मैत्री सर्व प्राणिमात्रांपर्यंत जाते. कामाच्या जागेपुरता ह्याचा अर्थ मी असा लावतो: करुणेत वरचा आणि खालचा हा भेद शिल्लक राहू शकतो. मैत्रीत तो राहू शकत नाही. मित्राला आपण उपकृत करीत नाही. त्याच्या शेजारी बसतो.

आणि हे ग्रंथातच राहिले नाही. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिसाहाय्याच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तसा कायदा झाला. जुलै १९४२ पासून १९४६ पर्यंत ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. सरकार, मालक आणि कामगार ह्यांना एका मेजाभोवती बसविणारी त्रिपक्षीय परिषद १९४२ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणी पाहण्यास गेले आणि प्रत्यक्ष खाणीत उतरले. मंत्री खाणीत उतरतो ही सेवक-नेतृत्वाची सुंदर प्रतिमा झाली असती. परंतु बाबासाहेब प्रतिमेवर थांबणारे नव्हते. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९४४ मध्ये, खाणकामगारांच्या कल्याणनिधीचा वटहुकूम निघाला. १९४६ मध्ये त्यांनी मांडलेल्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. कामगाराला सहा तास मिळाले, आणि त्यासाठी कोणा मालकाचे आभार मानावे लागले नाहीत.

ह्याच्या शेजारी एक अलीकडचा प्रसंग ठेवून पाहावा. २४ फेब्रुवारी २०१९ रोजी प्रयागराजच्या कुंभमेळ्यात पंतप्रधानांनी पाच सफाई कामगारांचे पाय धुतले. सफाई कर्मचारी आंदोलनाचे बेझवाडा विल्सन ह्यांनी त्यावर कठोर टीका केली. हाताने मैला साफ करण्यास बंदी करणारा पहिला कायदा १९९३ चा आहे, दुसरा २०१३ चा. गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले; २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ती रक्कम तीस लाख केली. ती वाढविण्याची वेळ आली, कारण माणसे गटारात उतरतच राहिली. पाय धुणाऱ्याच्या मनात काय होते हा वाद घालण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच की, धुतलेले पाय दुसऱ्या दिवशी कोठे गेले? ते त्याच कामावर, त्याच कंत्राटावर गेले असतील तर तो विधी पाहणाऱ्यांच्या समाधानासाठी झाला.

७. आपल्या कामाच्या जागी

तेव्हा सेवक-नेतृत्वाला तीन पायऱ्या आहेत असे म्हणता येईल. पहिली, ज्याच्या हाती अधिकार आहे त्याने वाकावे आणि त्याची किंमत स्वतः द्यावी. दुसरी, त्या वाकण्याचे नियमात रूपांतर व्हावे, म्हणजे माणूस बदलला तरी हक्क टिकेल. तिसरी, ज्यांची सेवा होते त्यांच्या हाती अधिकार यावा. वूलमनने पहिल्या दोन गाठल्या; त्याच्या समाजाला तिसरी गाठता आली नाही. संघाने उपालीच्या रूपाने तिसरी गाठून दाखविली. पहिल्या पायरीवरच जे थांबतात त्यांच्या हातून दया होते, परिवर्तन होत नाही.

ही मापे दुसऱ्यांना लावणे सोपे आहे. ती आपल्याला लावून पाहू. आपल्या शाळेत मुख्याध्यापक दलित आहे, पण आवार झाडणारी बाई कंत्राटी आहे. तिचा पगार कोणत्या तारखेस होतो हे त्याला ठाऊक आहे काय? ती आजारी पडली तर तिचा खाडा कापला जातो की नाही? कार्यालयात शिपायाला बसायला खुर्ची आहे काय, आणि साहेब आला म्हणजे त्याला तीवरून उठावे लागते काय? कामाची वाटणी कोण ठरवतो? गटाराचे, संडासाचे काम नेहमी एकाच जातीच्या माणसाकडे जात असेल तर ती वाटणी बदलण्याचा लेखी आदेश कोणी काढला आहे काय? साहेबाच्या घरचा भाजीपाला कोण आणतो? मनमाडच्या परिषदेपासून आजवर पोर्टर आणि स्टेशनमास्तर ह्यांचे हे नाते पुरते संपलेले नाही, आणि काही ठिकाणी स्टेशनमास्तरच्या जागी आपला माणूस बसला आहे.

चळवळीच्या कचेऱ्याही ह्यातून सुटत नाहीत. नेत्याची पिशवी धरणारे, त्याच्या गाडीमागे धावणारे कार्यकर्ते आपण पाहतो, आणि ह्यालाच निष्ठा म्हणतो. बुद्धांनी आपली सेवा करू इच्छिणाऱ्यांना आजाऱ्याकडे पाठविले होते. आपले पुढारी त्यांना कोठे पाठवितात? विहारातील सभेत समतेवर व्याख्यान चालू असते आणि चहाचे कप धूत मागे बसलेल्या असतात त्या आपल्याच आयाबहिणी. त्यांना व्यासपीठावर एकदा बसवून सत्कार करणे ही पहिली पायरीसुद्धा नव्हे. कप पुरुषांनी धुवावेत ही पहिली. तसा विहार समितीचा ठराव व्हावा ही दुसरी. आणि समितीत त्या स्त्रिया निम्म्या असाव्यात, जमाखर्चाची वही त्यांच्या हाती असावी, ही तिसरी.

श्रद्धेचे येथे काम काय, असे कोणी विचारील. नियम हेच जर सर्व काही असेल तर करुणा हवी कशाला? ह्याचे उत्तर असे की, नियम आपोआप होत नाहीत आणि आपोआप पाळले जात नाहीत. गुलामगिरी वूलमनच्या आधीही पंथातील अनेकांना दिसत होती; त्याला ती झोंबली. आजारी भिक्खू इतरांनाही दिसत होता. दिसणे आणि झोंबणे ह्यांमध्ये जे असते ते करुणा होय, आणि ते ज्याला धम्मातून मिळाले त्याने धम्मातून घ्यावे, ज्याला अन्य मार्गाने मिळाले त्याने तसे घ्यावे. परंतु ती झोंबल्यावर पुढे काय करायचे, हे प्रज्ञेने ठरवायचे असते. १९९३ चा कायदा होऊनही २०१३ मध्ये दुसरा करावा लागला, कारण पहिला राबविण्याची तळमळ ज्यांच्या हाती अधिकार होता त्यांच्यात नव्हती. कायदा करुणेवाचून कागदावर पडून राहतो; करुणा कायद्यावाचून माणसाबरोबर संपते.

आपल्यापैकी ज्याच्या टेबलावर हजेरीपट असतो, ज्याच्या सहीने कोणाची रजा मंजूर होते, त्याने उद्या सकाळी ही सही करताना एवढे पाहावे: आपण देतो आहोत ते मेहरबानी म्हणून देतो आहोत, की त्याचा तो हक्क आहे म्हणून? आणि आपली बदली झाल्यावर येणारा दुसरा अधिकारी ते काढून घेऊ शकेल काय? शकत असेल, तर काम अर्धे राहिले आहे.